नात चिखलात, आजी काळजीत

मागच्या अंकात मी आमच्या फॉरेस्ट नर्सरीबद्दल लिहिलं होतं. म्हणजे एडिंबरापासून तासाभरावर एक जंगल आहे, तिथं तीन ते पाच वर्षांची पोरं दिवसभर बाहेर असतात, छप्पर म्हणायचं तर एक मोठी ताडपत्री आणि एक लाकडी खोपटं, आणि मी तिथं नऊ वर्षं काम करतेय, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की मलाच आश्चर्य वाटलं, निम्मे तर आजी-आजोबांचे! सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न: माझी नात साडेतीन वर्षांची आहे, एडिंबराला असते. लेकीने तिला अशाच जंगलातल्या नर्सरीत घातलंय. परवा व्हिडिओ दाखवला तर पोर भर पावसात ओंडक्यावर बसून डबा खातेय! आम्ही चार थेंब पडले की टोपडं घालून आत घ्यायचो. लेकीला बोलले तर म्हणते आई तुला नाही कळायचं. छातीत सर्दी भरली तर काय करायचं, हे बरोबर आहे का? (एक आजी, सांगली)

उत्तर: आजी, लेकीने असं म्हणायला नको होतं. तुम्हाला कळतंय सगळं, फक्त तुमच्या डोळ्यासमोर सांगलीचा पाऊस आहे आणि पोराच्या अंगात सुती झबलं आहे. सुती कपडा भिजला की भिजलेलाच राहतो आणि अंगाची ऊब ओढून घेतो, म्हणून भिजलं की पोर आजारी पडणार ही तुमची धास्ती काही उगीच नाही. तर इथं पहिला नियम तोच आहे, सुती काही घालायचं नाही. अंगाला लागून लोकरीचं पातळ थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वॉटरप्रूफ डंगरी आणि जॅकेट. डंगरीचे पाय गमबुटाच्या आत नाही खोचायचे, बाहेरून सोडायचे आणि खालचं इलॅस्टिक बुटाच्या तळाखाली अडकवायचं, नाहीतर डंगरीवरून ओघळलेलं पाणी थेट बुटात जातं आणि मग दिवसभर पचक पचक. गमबूट एक नंबर मोठा, आत लोकरीचा एकच जाड मोजा. दोन मोजे कोंबले तर बूट घट्ट होतो आणि पाय उलट जास्त गार पडतो. हे मी नव्या पालकांना दर सप्टेंबरला सांगते आणि दर नोव्हेंबरला कुणीतरी दोन मोजे कोंबून पाठवतंच.

पहिल्या हिवाळ्यात थंडीमुळे घरी कुणाला पाठवावं लागलं माहितीये? मला. जीन्स घालून गेले होते. अकरा वाजेपर्यंत दात वाजायला लागले, पोरं मात्र चिखलात मजेत लोळत होती, त्यातल्या एकीने मला स्वतःची टोपी देऊ केली.

आता सर्दी. सर्दी व्हायरसने होते आणि बंद खोलीत वीस पोरं एकमेकांच्या तोंडावर शिंकत असतात तेव्हा ती जास्त पसरते, बाहेर कमी. म्हणजे बाहेरची पोरं आजारीच पडत नाहीत असं नाही हां, आमच्याकडे पण नाकं गळतात. पण पावसात डबा खाल्ला म्हणून छाती भरत नाही. खरा धोका असतो तो न हलणाऱ्या पोराला. पळणारं, ओढणारं, चढणारं पोर गरम असतं, पण नवीन आलेलं एखादं एका जागी हात लटकवून गप्प उभं राहतं, त्याच्यावर आमचं लक्ष असतं. हात गार लागले म्हणून घाबरत नाही, हात गार असतातच, आम्ही कॉलरमधून मानेमागे बोटं घालून बघतो. मान गार लागली की लगेच कोरडे कपडे, गरम पाणी, झाडाला एक फेरी पळत.

आणि सगळ्याच हवेत बाहेर असतो असंही नाही. पावसाचं काही नाही, इथला पाऊस बदाबदा कमी आणि भुरभुर जास्त. पण वारा! नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्वेन वादळ आलं तेव्हा स्कॉटलंडच्या पूर्व भागात लाखो झाडं आडवी झाली. एरवीसुद्धा ठराविक वेगाच्या वर वाऱ्याचा अंदाज असला की आम्ही झाडाखाली जात नाही, मोकळ्या माळावर किंवा गावातल्या हॉलमध्ये भरतो. लेकीला हे जरूर विचारा, की तुमच्या नर्सरीत वाऱ्याचा नियम काय. नीट उत्तर मिळालं तर निर्धास्त राहा.

एक अजून. बाहेर असते म्हणजे ऊन मिळतं, ड जीवनसत्त्वाचं काम झालं, असं इथे आपले लोक धरून चालतात. तसं होत नाही. ऑक्टोबर ते मार्च इथलं ऊन इतकं तिरकं असतं की त्यातून ते तयारच होत नाही, शिवाय आपली कातडी सावळी, तिला आणखी जास्त ऊन लागतं. म्हणून १ ते ४ वर्षांच्या मुलांना रोज १० मायक्रोग्रॅमचे थेंब द्यायचे असा इथला सरकारी सल्ला आहे. नात घेते का, एवढं विचारून घ्या.

प्रश्न: आम्ही गुरांमागे हिंडत वाढलो. पायात चप्पल नव्हती. मुलाला शिकवला, इंजिनियर केला, तो तिकडे गेला आणि आता माझा नातू फी भरून चिखलात खेळतोय! मग आम्ही इतका खटाटोप कशासाठी केला? (एक आजोबा, ता. कोरेगाव, जि. सातारा)

उत्तर: आजोबा, तुमचं पत्र मी आमच्या स्टाफरूममध्ये, म्हणजे ताडपत्रीखाली, इंग्रजीत वाचून दाखवलं. हसून हसून पुरेवाट झाली आणि मग आमची हेड म्हणाली, ही इज नॉट राँग.

आधी फीचं. स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट २०२१ पासून तीन आणि चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला वर्षाला ११४० तास सरकारी खर्चाने मिळतात, शाळेच्या टर्मप्रमाणे धरलं तर आठवड्याला साधारण ३० तास. फॉरेस्ट नर्सरी काउन्सिलच्या यादीत असेल तर ते तास तिथंही चालतात. तेव्हा तुमचा मुलगा कदाचित फक्त वरच्या तासांचे पैसे भरत असेल. विचारा त्याला.

आता चिखलाचं. तुम्ही गुरांमागे हिंडलात तेव्हा ते खेळणं नव्हतं, काम होतं, आणि त्या कामापायी किती पोरांची शाळा बुडाली ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. १९४५ ला बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, आणि बघितलं की आदिवासी पाड्यावरची पोरं बालवाडीपर्यंत येतच नाहीत. मग बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. आणि जी पोरं गुरं घेऊन कुरणात जायची त्यांच्यामागे शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. मुलाने गुरं सोडून शाळेत यावं असा हट्ट नाही, शाळाच झाडाखाली. शंख-शिंपले, पानं, बिया हीच शिकवायची साधनं. मी इथं ट्रेनिंग घेतलं तेव्हा डेन्मार्कच्या एला फ्लाताऊ बाईंचं नाव शिकवलं, त्या १९५० च्या सुमारास शेजारपाजारची पोरं घेऊन रोज रानात जायच्या, मग जर्मनीत फ्लेन्सबुर्गला १९९३ मध्ये अशा बालवाडीला सरकारी मान्यता मिळाली, त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ब्रिजवॉटर कॉलेजचे लोक डेन्मार्क बघून आले आणि इकडे फॉरेस्ट स्कूल सुरू झालं. सगळं खरं. पण ट्रेनिंगमध्ये कोसबाडचं नाव कुणी घेतलं नाही, ते मी घेतलं, आणि मला म्हणे पाच मिनिटं आहेत. मी वीस घेतली.

तर तुमच्या नातवाला चिखल तोच मिळतोय, पण मागे गुरं नाहीत, पुढं शाळा आहे, आणि आठ पोरांमागे किमान एक मोठं माणूस आहे. तुमच्या लहानपणी विहिरीच्या काठाशी कोण उभं होतं? तुमचा खटाटोप वाया गेलेला नाही. आणि सुट्टीत आला की त्याला शेतावर न्या, म्हशीच्या पाठीवर बसवा, तो इथं येऊन सगळ्यांना सांगेल आणि आमच्याकडे महिनाभर म्हैस म्हैस चालू राहील, हे मी अनुभवाने सांगतेय.

प्रश्न: मुलगी साडेचार वर्षांची. पुण्यात तिच्याच वयाचा मामेभाऊ ए टू झेड आणि शंभरपर्यंत आकडे लिहितो. आमची रोज खिशात दगड घेऊन येते. टीचर म्हणतात शी इज डूइंग ग्रेट. नक्की काय ग्रेट चाललंय? (एक बाबा, ग्लासगो)

उत्तर: मी तुम्हाला एक सकाळ सांगते, गेल्या ऑक्टोबरची.

आमच्या जंगलातून एक ओढा जातो, गुडघ्याएवढा पण नाही. चार पोरांना त्याच्यावर पूल करायचा होता. एक ओंडका सापडला, तो पुरेल का यावर भांडण. एक म्हणतो पुरेल, दुसरी म्हणते नाही, आणि ओंडका इतका जड की आधी नेऊन बघू म्हणायची सोय नाही. मी चार हातांवर उभी, हात खिशात घालून. खिशात घालायचे असतात, ही आमची शिस्तच आहे, बाहेर असले की ते मदत करायला जातात. मला दिसत होतं की ओंडका हातभर कमी पडणार आणि माझ्या जिभेवर आलं होतं, आलंच होतं, तेवढ्यात त्यातली एक चष्मेवाली मुलगी झाडाला बांधलेली दोरी सोडून घेऊन आली. एकाला पलीकडच्या काठावर उभं केलं, दोरी ताणली, जिथं काठ आला तिथं मुठीत घट्ट धरली आणि मूठ न सोडता ओंडक्याकडे पळाली. दोरी ओंडक्यावर लावली तर मूठ ओंडक्याच्या पुढे. "इट्स टू बेबी," म्हणाली. म्हणजे ओंडका लहान आहे. मग चौघं दुसरा ओंडका शोधायला. सगळं मिळून चाळीस मिनिटं, पूल दुपारी झाला आणि दुसऱ्या दिवशी वाहून गेला.

लांबी मोजायची तर मापाची वस्तू मधे लागते आणि ती मधल्या वेळात बदलता कामा नये, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शाळेत पट्टी हातात येईल तेव्हा पट्टी कशासाठी असते ते तिला माहिती असेल. तुमच्या मुलीच्या खिशातले दगड एकदा टेबलावर मांडायला सांगा आणि काही न विचारता बघत बसा. माझी पैज आहे, ती त्यांचे गट पाडेल.

लिहिण्याबद्दल बोलायचं तर पेन्सिल धरायला बोटं लागतात, पण बोटांच्या मागे मनगट आणि मनगटाच्या मागे खांदा असतो. चढणं, ओढणं, खणणं यातून तो तयार होतो. आमची पोरं कोळशाने दगडावर, काठीने चिखलात कायकाय रेघोट्या मारत असतात, त्यातून एक दिवस आपोआप नावाचं पहिलं अक्षर निघतं. इथला अभ्यासक्रमसुद्धा नर्सरी आणि पहिलीचं वर्ष एकाच टप्प्यात धरतो, खेळातून. न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी वाचायला शिकवलेली आणि सातव्या वर्षी शिकवलेली अशी मुलं ताडून बघितली होती, अकराव्या वर्षापर्यंत दोन्ही वाचनात सारखीच निघाली.

तरीपण एक गोष्ट सरळ विचारते. तुम्ही वर्ष-दोन वर्षांत पुण्याला परत जाणार आहात का? असाल तर तिकडच्या शाळा पहिलीच्या आधीच लिहिणं-वाचणं अपेक्षित धरतात हे खरं आहे, आणि तिला तिथं एकदम नेऊन बसवणं हा तिच्यावर अन्याय होईल. मग घरी रोज पंधरा मिनिटं, गोष्टीचं पुस्तक, देवनागरी, थोडी पाटी, असं आतापासून चालू करा. इथंच राहणार असाल तर काही घाई नाही. उलट शाळा सुरू होताना मूल पाच वर्षांचं झालेलं नसेल तर आणखी एक वर्ष नर्सरीत ठेवता येतं आणि ऑगस्ट २०२३ पासून त्या वर्षाचे फंडेड तासही मिळतात. आपल्या लोकांना "वर्ष वाया जाईल" वाटतं म्हणून ते कुणी घेतच नाही. मला विचाराल तर घ्यावं.

प्रश्न: नर्सरीकडून फॉर्म आला, त्यात झाडावर चढणे, शेकोटी आणि "टूल वर्क" यासाठी सही मागितलीये. चार वर्षांच्या मुलाच्या हातात चाकू?? शिवाय इथे टिक चावून आजार होतो असं ऐकलं. मी सही केलेली नाही अजून. (एक आई, अ‍ॅबर्डीन)

उत्तर: सही करायच्या आधी जाऊन एक दिवस बघा, कुठलीही धड नर्सरी नाही म्हणणार नाही, आणि म्हणाली तर सही करू नका.

चाकू म्हणजे सुरुवातीला बटाटे सोलायचा पीलर असतो हो. ओली काठी, एका हातात हातमोजा, बसूनच करायचं, पातं अंगापासून लांब जाणार, आणि एका मोठ्या माणसाबरोबर एकच मूल. सुरू करायच्या आधी पोर हात लांब करून स्वतःभोवती गोल फिरवतं, त्या गोलाला आमच्यात ब्लड बबल म्हणतात, गोलात कुणी असेल तर काम बंद. चार वर्षांची पोरं हा नियम मोठ्यांपेक्षा कडक पाळतात, मला स्वतःला दोनदा ओरडा बसलाय. शेकोटीचंही तसंच, तिच्याभोवती ओंडक्यांची बैठक, मधून जायचं नाही, बाहेरून वळसा घालून जायचं, काही भाजायचं तर एक गुडघा टेकून, म्हणजे तोल गेला तर माणूस मागे बसतो, पुढे पडत नाही.

झाडाचा नियम सगळ्यात सोपा. आम्ही कुणालाच उचलून झाडावर ठेवत नाही. जे स्वतः चढलं त्याला बहुतेक वेळा स्वतः उतरता येतं, जे उचलून ठेवलं ते रडतं. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी पोरांच्या धोक्याच्या खेळाचे सहा प्रकार सांगितले होते: उंची, वेग, हत्यारं, आग-पाण्यासारख्या गोष्टी, मस्ती-कुस्ती आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. वाचल्यावर मला वाटलं, हे तर आमच्या वाड्यातलं सगळं बालपण. खरचटतं, नऊ वर्षांत आमच्याकडे एक मनगट मोडलं, तेही सपाट जमिनीवर पळताना.

टिकचं मात्र हलक्यात घेऊ नका. टिक म्हणजे आपली गोचीडच, पण इथली पिल्लं खसखशीएवढी असतात, दिसत नाहीत. काहींमध्ये लाइम आजाराचे जंतू असतात, सगळ्यांत नाही, आणि जितका जास्त वेळ ती चिकटून राहील तितका धोका वाढतो. म्हणून रोज संध्याकाळी आंघोळीला कपडे काढले की बघायचं: काख, जांघ, गुडघ्यामागे, बेंबी, कानामागे, केसांची कड. सापडली तर बारीक चिमट्याने किंवा टिक काढायच्या हुकाने कातडीजवळ धरून सावकाश सरळ ओढायची. खोबरेल तेल, रॉकेल, उदबत्तीचा चटका यातलं काहीही नको, त्याने ती पोटातलं बाहेर टाकते. नंतर जागा धुवा, तारीख फोनमध्ये लिहा. एक ते चार आठवड्यांत, कधी तीन महिन्यांपर्यंतही, पसरत जाणारं लालसर वर्तुळ दिसलं किंवा ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरकडे जा आणि टिक चावली होती हे स्वतःहून सांगा. सावळ्या कातडीवर ते वर्तुळ लाल दिसेलच असं नाही, ते तपकिरी-जांभळट दिसू शकतं, पुस्तकातल्या फोटोशी जुळवत बसू नका.

प्रश्न: ऑगस्टमध्ये आम्ही शिफ्ट होतोय. शू-शी कुठे करतात? आणि आम्ही शुद्ध शाकाहारी, मुलीला इंग्रजी येत नाही. (ठाणे)

उत्तर: बहुतेक ठिकाणी छोट्या तंबूत कंपोस्ट टॉयलेट असतं, वर भुसा टाकायचा. शू झाडामागे ठरलेल्या जागी. मुलींना डंगरी काढून बसणं जड जातं, म्हणून कमरेला चेन असलेली डंगरी घ्या, आणि घरी एकदा जाकीट-मोजे-बूट सगळं चढवून मग उतरवायची प्रॅक्टिस करा, हसू येईल पण उपयोग होतो. हात साबण आणि वाहत्या पाण्यानेच धुतात का ते बघा, जेल पुरत नाही, इथं मेंढ्या सगळीकडे चरतात आणि त्यांच्या लेंड्यांतून पोटाचे वाईट आजार लागतात.

शाकाहाराचं एकच सांगते, मार्शमेलो. शेकोटीवर सगळीकडे भाजतात आणि त्यात जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांचं. फॉर्ममध्ये नुसतं व्हेजिटेरियन लिहून लोकांच्या लक्षात येत नाही, "नो जिलेटिन" असं वेगळं लिहा. आमच्याकडे मी आता मक्याची कणसं आणि रताळी भाजते, लिंबू-मीठ लावून.

भाषेची काळजी करू नका. पाणी, शू, दुखतंय, नको, आई असे दहा-बारा मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून टीचरला द्या. बाकी ओंडका दोघांनी उचलायला भाषा फारशी लागत नाही. आमच्याकडे एक मराठी मुलगा आला तेव्हा मी निसरड्या जागी त्याला "हळू हळू" म्हणायचे, तो केव्हाच शाळेत गेला पण अजून सगळी स्कॉटिश पोरं निसरडं आलं की "हालू हालू" करत जातात.

प्रश्न: पुण्यात असं काही करता येईल का? आम्ही सहा-सात आया आहोत, टेकडी जवळ आहे. पण साप, ऊन, आणि सासूबाई. (पुणे)

उत्तर: सासूबाईंना बरोबर घ्या, मी गंमत नाही करत. टेकडीवरची झाडं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ओळखू येतील.

इथलं उचलून तिथं ठेवू नका एवढंच. गमबूट, डंगरी, मड किचन, काही विकत घ्यायची गरज नाही. मड किचन म्हणजे आपली भातुकलीच! इथं लाकडी मांडणीसकट दोनशे पाऊंडाला विकतात. करवंट्या, चिंचोके, जुनी पातेली, माती, पाणी, दोरी, झालं. आठवड्यातून दोनच सकाळी जा, पण त्याच जागी पुन्हा पुन्हा. नवीन नवीन जागा मोठ्यांना हव्या असतात, पोरांना तेच झाड हवं असतं, कारण गेल्या वेळी तिथं मुंग्या होत्या त्या अजून आहेत का हे बघायचं असतं. जूनमध्ये उघडी-बोडकी टेकडी, ऑगस्टमध्ये कमरेएवढं गवत, डिसेंबरमध्ये तेच गवत सोन्यासारखं, हा फरक एका जागी थांबल्याशिवाय कळत नाही. उन्हाळ्यात साडेसहाला सुरू, नऊच्या आत घरी. पावसाळ्यात जरूर जा, फक्त विजा चमकायला लागल्या की लगेच खाली उतरा.

साप आहेत, असणारच. पोरांच्या आधी एक मोठं माणूस काठी आपटत जागा बघून येतं, हे रोज, कंटाळा न करता. पायात बंद बूट. बिळात, दगडाखाली, पालापाचोळ्यात हात घालायचा नाही, आधी काठीने हलवायचं. घोणस, नाग, मण्यार, फुरसं हे चार चित्रातून सगळ्या आयांनी ओळखायला शिकावं, पोरांना मात्र एकच शिकवा, कुठलाही साप दिसला की पुतळा व्हायचं आणि मोठ्याला हाक मारायची. चुकून चावलाच तर आवळून बांधणं नाही, कापणं नाही, चोखणं नाही, मांत्रिक नाही, पोराला चालवायचं नाही, १०८ किंवा गाडी आणि थेट प्रतिसर्पविष असलेलं हॉस्पिटल. ते कुठलं ते आधीच फोन करून विचारून ठेवा.

सापापेक्षा मला भीती झाडांची वाटते, कारण ती पळत नाहीत आणि आपण त्यांच्याकडे बघत नाही. गुंजा, लालचुटुक, पोरं हमखास वेचतात, फोडून चावली तर जीवघेणी. एरंडाच्या बिया तशाच. धोतरा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर वाईट. आणि खाजकुयली, शेंगा वाळल्या की नुसत्या वाऱ्यानेही... ज्याला लागली आहे त्याला सांगायला नको. पहिल्या दिवशी फक्त आयांनीच जाऊन हे सगळं शोधायचं, पोरांना दुसऱ्या दिवशी न्यायचं.

आणि तुम्ही सहा-सात जणी आहात ना, तर एकीकडे पाणी आणि औषधाची पिशवी, एकीकडे दर दहा मिनिटांनी डोकी मोजायचं काम, बाकीच्यांचे हात खिशात. साडीला खिसा नसतो तर पदर खोचून हात मागे बांधा. पहिले दोन आठवडे पोरं "आता काय करू" विचारतील, कारण त्यांना सवय आहे कुणीतरी सांगायची. उत्तर देऊ नका. तिसऱ्या आठवड्यात विचारायची थांबतात, साधारण.

प्रश्न: नोव्हेंबरमध्ये नातवाकडे येतेय, तो पण जंगलातल्या नर्सरीत जातो. स्वेटर विणून आणू का? सून म्हणते तिकडे सगळं मिळतं. (नागपूर)

उत्तर: सगळं मिळतं, पण हातमोजे रोज हरवतात! स्वेटर राहू द्या, वरच्या जॅकेटमध्ये जाड स्वेटर कोंबला की हातच वर होत नाही. हातमोजे विणा, पण पाच बोटांचे नको, चार वर्षांच्या पोराला पाच बोटं पाच भोकांत घालेपर्यंत जेवायची वेळ होते. एक अंगठा आणि बाकी पिशवी असे. मनगटाची पट्टी लांब ठेवा, कोपराच्या जवळपास येईल अशी, ती बाहीच्या आत जाते म्हणजे बर्फ आत जात नाही आणि मोजा निघत नाही. दोन्ही मोजे दोरीने जोडून गळ्यात अडकवायची पद्धत आहे ती मात्र करू नका, झाडावर फांदीला अडकते. आणि जोड्या करू नका. एकाच रंगाचे, एकाच मापाचे, डावं-उजवं नसलेले सात-आठ नग करा, कुठलेही दोन उचलले की जोडी झाली, एक हरवला तर दुसरा वाया जात नाही. अस्सल लोकर घ्या, अ‍ॅक्रिलिक नको. रंग भडक, केशरी नाहीतर राणी. तपकिरी घेतलात तर पानांत पडलेला मोजा बर्फ वितळल्यावर मार्चमध्ये सापडतो, आणि तोवर त्यात कुणीतरी राहायला आलेलं असतं.